आतलं चाक अधांतरी

पौष वद्य तृतीया, मंगळवार. शाहूपुरी, दिवेलागण.

मालकाचा इतका राग आलाय की अक्षर वाकडं येतंय. लढाईवरून परत आलेली लॉरी घेतली, तिच्यावर लाकडी घर बांधलं. त्यातच राहून गावोगाव जादूचे खेळ करायचे, मी त्यात पेटी वाजवायची. मागं दोन्ही बाजूंना जोडचाकं, एकाला एक लागून दोन-दोन. आज मालकानं त्यातली बाहेरचीच बदलून मोठी घातली. आतली जुनी, लहानच.

"बाहेरचं लोकांना दिसतंय. आत कोण वाकून बघतंय?" म्हणे.

मी वाकलो. आतलं चाक जमिनीला टेकतच नाही! खालून माझी ही वही आरपार गेली. शेजारच्या तालमीत हलगी वाजत होती, तिकडं जायचं सोडून मी हे का बघत बसलो, देव जाणे. पण वही गेली, म्हणजे सगळा भार एकाच चाकावर. उद्या आंबा घाट उतरायचाय. ते एक फुटलं तर?

चाकं बदलणारे हुसेन मिस्त्री म्हणाले, "मी सांगून दमलो, पावणं. ऐकतंय कोण?"

मालक खेकसले, "लॉरी मी हाकणार हाय का तू? पेटी वाजव आन् गप बस."

वर मालकाची बायको सामान लावत होती. तिनं अंथरूण गुंडाळलं आणि खाली भर रस्त्यात पसरलं.

"चाकं सारखी झाली की हाक मारा. तवर मी हितंच."

बघायला माणसं जमली. जादूला एवढी जमत नाहीत.

मिस्त्रींनी जुनी चाकं परत चढवली. बायकोला बोलायची छाती नाही, म्हणून मालकानं मलाच कामावरून काढलं, माझं बोचकं बाहेर फेकलं. त्यावरच बसून लिहितोय.

मालका, उतर लेका घाट. सुखरूप उतर.