ढकलली म्हणजे चालवली नाही

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना तू त्यांना दम देतेस, की अजून तेच तुला देतात? भाऊजींचा खोकला गेला, की चिवट पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून आहे? मांजर पुन्हा व्यायली असेल तर बाळंतीण सुखरूप असो. आणि तुझ्याकडे शिकायला ठेवलेली माझी नात, आमची बुटकी (आता तुझ्या दाराच्या चौकटीला तिचं डोकं टेकत असेल), वेळेवर जेवते ना? इथे माझे डोळे, तुझ्या भावजयीची कंबर आणि बाबांची जुनी गाडी, तिघंही जागच्या जागी ठीक.

बुटकीचा परवा फोन आला होता. या सुट्टीत येत नाही म्हणाली, तिकडेच वाचनालयात काम मिळतंय. वर म्हणाली, "आजोबा, माझ्या सुट्टीपुरती गाडी ठेवता, सुट्टीपुरता विमा काढता, त्यापेक्षा विकून टाका ना." चिडून बोलली असती तर मी दोन शब्द सुनावले असते. समजूतदारपणे बोलली, तिथे काय करणार? मी "बरं" म्हटलं. पोरीचं बरोबरच आहे, माझा काही आग्रह नाही. तुला आपली सहज हकीकत सांगतो.

मोतीबिंदूनंतर मी गाडी सोडली, तुझी भावजय कधी शिकलीच नाही, तेव्हा बुटकी सुट्टीत येते तेवढाच काळ गाडी रस्ता बघते. एरवी ती ताडपत्री पांघरून शेडमध्ये असते. रविवारी मी इंजिन सुरू करतो, आम्ही दोघं आत बसून थर्मासमधला चहा पितो आणि कुठेही न जाता घरात परत येतो. (तुझी भावजय म्हणते, पूर्वीपेक्षा आता तुम्ही फार सांभाळून चालवता.) आमच्या भल्या विमावाल्यानेच सुचवलं होतं, काका, विद्यार्थी सुट्टीतच चालवणार तर तेवढ्यापुरताच विमा घ्या. मला पटलं. जास्तीच्या गाद्यासुद्धा आपण पाहुणे आल्यावरच काढतो.

मागच्या खेपेला त्याने विचारलं, सुट्टी संपते कधी? मी बुटकीच्या बापाच्या कॉलेजच्या वेळची तारीख ठोकून दिली. विद्यापीठाने मात्र या पोरांना आठवडा वाढवून दिला. पोर आणखी आठवडा घरात राहणार म्हटल्यावर कॅलेंडरकडे बघतो कोण?

तर त्याच आठवड्यात आम्ही बाजारातून येत होतो. बुटकी चालवत होती, मी शेजारी बसून माझ्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत होतो, तुझी भावजय मागे मांडीवर भोपळा घेऊन. लाकडाच्या वखारीपाशी विमावाल्याचा फोन आला. काका, विमा कालच संपला की, उद्या सहीला या. मी तिथेच गाडी थांबवायला लावली.

"आजोबा, घर त्या वळणावर तर आहे."

"असू दे. विमा नाही तर चालवायची नाही."

"मग काय डोक्यावर घेऊन जाऊ?"

तिथे माझं डोकं चाललं (ते चाललं की घरचे घाबरतात). चालवायची नाही, पण ढकलायला कोणाची बंदी आहे? ज्या पोरीचा विमा संपला तिच्या हाती स्टिअरिंग देणं काही बरं नव्हे, म्हणून तुझ्या भावजयीला पुढे बसवलं, भोपळ्यासकट, आणि आम्ही आजोबा-नात मागून जुंपलो. वखारवाला "काका, पेट्रोल महागलं का?" विचारत आला आणि खांदा देऊन गेला. तुझी भावजय दर चार पावलांनी विचारत होती, "ब्रेक कुठला?" आणि मी ओरडत होतो, "मधला, मधला."

ताई, ढकलताना हाताला मागचा तो जुना पोचा लागला आणि मी एकदम लहान झालो. तू याच गाडीवर शिकलीस. तू स्टिअरिंगवर, आम्ही भावंडं मागून धक्का देणार. इंजिन फुरफुरलं की तू थांबायची नाहीस, थांबली तर पुन्हा बंद पडेल म्हणून, आणि आम्ही धावत धावत आत उड्या टाकायचो. बाबा दारातून ओरडायचे, "अरे, ती काय सासरी चालली आहे का, एवढे मागे लागलात?" हे बुटकीला सांगितलं तर ती इतकी हसली, की तिचे हात सुटले आणि गाडी माझ्याच अंगावर यायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी छाती काढून विमावाल्याला सगळं सांगितलं. त्याने चष्मा काढून पुसला. "काका, स्टिअरिंगवर माणूस बसला म्हणजे आम्ही ती चालवलीच समजतो. कोण होतं?" मी त्याच्या आईच्या तब्येतीची चौकशी केली.

बाकी क्षेम. भाऊजींना नमस्कार, बुटकीला आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : आग्रह नाही असं वर लिहिलं, ते सभ्यपणाचं झालं. या सुट्टीचा विमा मी काढूनही आलो, शेवटी एक आठवडा जास्तीचा धरून. पोरीला म्हणावं, आता तो रद्द होत नाही. (होतो. पण तू बोलू नकोस.) वाचनालय आमच्या गावातही आहे, हेही सांग.

आणखी ता. क. : विमावाल्याने विचारलं, दुसरं कोणी चालवणार का? मी तुझं नाव दिलं. त्याने तुझं वय दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. परवान्याची मुदत तू अजून गुपचूप वाढवून घेतेस, हे भाऊजींनी मला केव्हाच सांगितलंय. तेव्हा पोरीला घेऊन तूच ये. गाडी सुरू झाली नाही तर मागे आम्ही आहोतच. फक्त या वेळी आम्ही आत चढेपर्यंत थांब, आणि या पत्राचं उत्तर मात्र न थांबता धाड.