इंग्लंडच्या पाट्या आणि मी

२ ऑगस्ट २०२५
इंग्लंडहून लेकीचा, आराधनाचा फोन. ऑक्टोबरात बाळंतपण. जावई बोटीवर नोकरीला, तेव्हा समुद्रात असणार. घर खेड्यात, हॉस्पिटल बावीस मैलांवर. विचारत होती, बाबा, तुम्ही येऊन गाडी चालवाल ना? लगेच हो म्हटलं. अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय. रस्त्याला काय घाबरायचं? रात्री जेवण गेलं नाही, पण ते वांगं कडू होतं म्हणून.

५ ऑगस्ट
अभ्यास सुरू. M म्हणजे मोटरवे, पाटी निळी. A मोठा रस्ता. त्यातल्या मुख्य रस्त्यांना हिरवी पाटी, बाकीच्यांना पांढरी. B त्याहून लहान, पांढरीच. सातवीच्या पोरांनाही येईल. बायकोला, मरियाला समजावलं. ती म्हणाली, मग या हिरव्या पाटीत पांढरा चौकोन कशाला? प्रश्न अवांतर होता.

११ ऑगस्ट
पाटीवर A64 कंसात असेल तर तो रस्ता A64 नव्हे! तो पुढं A64 ला मिळतो. दुपारी स्वप्नात मी त्या कंसातच अडकलो. बाहेर पडायला वाट नाही. दरदरून घाम. लाईट गेली असणार.

२० ऑगस्ट
मेव्हण्याची, जोएलची गाडी घेऊन घोडेगावला सराव. नेमका जनावरांचा बाजार. चौकात इंग्लंडच्या गोल चौकांचा नियम पाळला: उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. टेम्पो गेले, म्हशी गेल्या. वीस मिनिटं झाली. एक जण खिडकीशी येऊन म्हणाला, "काका, गाडी इकायची हाय का?" लोकांना शिस्त कळत नाही. पाय लटपटत होते, क्लच जड आहे. येताना जोएलनं चालवली. मला रस्ता निरखायचा होता.

८ सप्टेंबर
पांढरा गोल, त्यात काळी तिरपी रेघ. मला वाटलं, रस्ता बंद. कसला बंद! साध्या रस्त्यावर ताशी साठपर्यंत मुभा. तेही मैल! मागच्या सीटवर आराधना कळा देतेय आणि मी पाटी वाचत उभा, असं सारखं दिसतं. डोळे तपासायला हवेत.

१९ सप्टेंबर
उजवा गुडघा दुखतोय. ब्रेकचा. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. नवखे आहेत. मरियाला सांगितलं, माझं जाणं अवघड दिसतंय. तिनं कपाटातून लायसन काढलं. तिचं. नवंकोरं. दीड महिना चर्चच्या महिला मंडळाला जाते असं सांगून ड्रायव्हिंग स्कूलला जात होती. म्हणाली, "अहो, तुम्ही फोनवर हो म्हणालात तेव्हाच तुमचा चेहरा बघितला होता मी."

१४ ऑक्टोबर
मरिया तिकडे जाऊन पंधरा दिवस झाले. आज सकाळी तिचा फोन. पहिली कळ आली तशी आराधनाला गाडीत घातलं, वेळेत पोचवलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप. विचारलं, पाट्या कळल्या का गं? म्हणाली, "पाट्या कोण बघतंय! आराधना डावीकडं म्हणाली की डावीकडं, उजवीकडं म्हणाली की उजवीकडं."
बराच वेळ रडलो. जोएलनं पेढे आणायला गाडीची किल्ली पुढं केली. म्हणाला, "दाजी, जाऊन या."
घेतली नाही. चालत गेलो.
भीती वाटते.