फोटोतली मिशी

४ जून

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

आईसाठी पाठवलेल्या माझ्या फोटोवर तू मिशी चिकटवलीस! तुझी बायको फोनवर कौतुकानं म्हणाली की, आईच्या खोलीत दादा किती रुबाबदार दिसतात, तेव्हा कळलं. आपल्या स्टुडिओत आपण रिटचिंग शिकलो ते गिऱ्हाइकांचे मुरूम घालवायला. तू माझे केस कापलेस, कानातले पुसलेस, वर कॉलर चढवलीस. सत्तावन्न वर्षं मी पुरुषाचं सोंग वठवलं. मी बाई आहे हे गेल्या वर्षी तुला तोंडावर सांगितलं, आणि तू ते सोंग कॉम्प्युटरवर बसून परत माझ्या गळ्यात मारतोस?

आईला खरा फोटो दाखव. खोकला कसा आहे ते कळव. संतापले असले तरी काळजी सुटत नाही.

तुझी ताई (हो, ताईच)

११ जून

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

ताई म्हणायला जीभ वळत नाही. तू शहर सोडून मोकळा झालास. इथे येणारा जाणारा विचारतो, मोठे कसे आहेत, आणि मी काउंटरमागे घाम पुसत बसतो. आईचं हृदय अधू. तिला धक्का बसला तर निस्तरणार कोण, तू? मिशी मी जीव ओतून केलीय, कुणाच्या बापाला ओळखू येणार नाही. आई रोज बघते, काही बोलत नाही. उगाच नसती उठाठेव करू नकोस. खोकला तसाच आहे.

रागावलास तरी लोभ तोडू नकोस.

धाकटा

१९ जून

चि. मोठीस आशीर्वाद.

अक्षर वेडंवाकडं आहे, लावून घे. तुझ्या वडिलांच्या निगेटिव्ह जन्मभर मी रिटच केल्या आणि हा गाढव मला मिशी दाखवतो! चेहऱ्यावर उजेड एकीकडून, मिशीवर दुसरीकडून. म्हटलं, आपणहून सांगेल. शेवटी खडसावलं, तेव्हा ढसाढसा रडला आणि खरा फोटो काढून दिला. सगळं सांगितलंही.

फोटो बराच वेळ पाहिला. मला हे पटलंय असं समजू नकोस. पण त्याच्यापेक्षा तुझा राग जास्त आलाय. त्याला माझ्या हृदयाची भीती होती, तुला कसली होती? वर्षभर त्याला माहीत, आणि मला नुसता फोटो पाठवतेस, तोही त्याच्या हातून? मी काय मेलेय?

दोन्ही फोटो कपाटात टाकलेत. तू स्वतः ये, माझ्यासमोर बस. आली नाहीस, तर पुन्हा तोंड दाखवू नकोस.

चिडून वाट पाहणारी,
आई