भुंग्यांना थोडी मदत

१२ एप्रिल
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, बायकोला तर नाहीच.

संकल्प: रोज पहाटे तळ्यावर जाणे. चहातली साखर बंद. पंपवाल्याशी वाद बंद.

पंपवाला म्हणजे शेजारच्या केबिनमधला तणनाशकांचा तज्ज्ञ. आमच्या संशोधन केंद्रात तण मारणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. तो औषध फवारतो, मी भुंगे सोडतो. माझे भुंगे बाहेरून मागवलेले, फक्त जलपर्णी खातात, दुसऱ्या पानाला तोंड लावत नाहीत. एवढं एकनिष्ठ आमच्या केंद्रात दुसरं कुणी नाही.

तळं जलपर्णीनं गच्च भरलंय. लांबून मैदान वाटतं. परवा एक कुत्रं पळत गेलं आणि दिसेनासं झालं. पण काळजी नाही. भुंगे सोडून वर्ष होत आलं. मे महिन्यात रिव्ह्यू कमिटी येतेय, तोवर निम्मं तळं मोकळं दिसेल असं मी डायरेक्टर मॅडमना लेखी दिलंय.

१३ एप्रिल
उशिरा जाग आली. पहाटेचं उद्यापासून. साखर घेतली. एकदम बंद केली तर शरीराला धक्का बसतो.

१७ एप्रिल
तळ्यावर गेलो. दादा भेटला. माझा थोरला भाऊ. तळ्याच्या एका काठाला त्याचे पिंजरे आहेत: पाण्यात जाळ्या टांगायच्या आणि त्यात मासे वाढवायचे. होतं नव्हतं ते सगळं त्यात घातलंय. जलपर्णी पिंजऱ्यांना सारखी वेढा घालते, तो आणि वहिनी रोज हातानं उपसतात. वहिनीच्या हातांची पार सालं निघालीत.

मागे केंद्रानं इथे फवारणी करायची ठरवली होती, तेव्हा सगळे मासेवाले आडवे पडले. त्या मीटिंगमध्ये मीच उठून म्हटलं होतं, या पाण्यात औषधाचा थेंब पडणार नाही, हा माझा शब्द. दादानं सगळ्यांना सांगितलं, माझा भाऊ आहे, मी जामीन. म्हणून तर भुंग्यांना परवानगी मिळाली.

दादानं विचारलं, लागले का रे तुझे भुंगे कामाला? म्हटलं, आतून पोखरतायत. निसर्गाला घाई चालत नाही. वाक्य बोलल्यावर माझं मलाच आवडलं. स्लाइडवर घेणार.

२५ एप्रिल
आज पानं मोजली. भुंगा खातो तेव्हा पानावर छोटे चौकोनी ओरखडे पडतात, त्यावरून त्यांची हजेरी कळते. हजेरी बरी नाही. ओरखडे आहेत, पण झाड टवटवीत. वर फुलं आलीत, जांभळी. बघणारा म्हणेल, वा, काय बाग आहे!

कारण सरळ आहे. हिवाळा लांबला. भुंगे बिचारे गारठले.

मॅडमनी फोन करून विचारलं, दिसतंय का काही? म्हटलं, स्पष्ट दिसतंय. खोटं नाही बोललो. जलपर्णी स्पष्ट दिसतेय.

२९ एप्रिल
पंपवाल्यानं जेवताना सगळ्यांसमोर विचारलं, तुमचे भुंगे उपासाला बसलेत का? सगळे खो खो हसले. वाद घालायचा नाही हा संकल्प होता, म्हणून फक्त त्याला विषारी माणूस म्हटलं.

त्याचं कॉन्ट्रॅक्ट पक्कं आहे. माझा प्रकल्प या रिव्ह्यूवर. नाही झालं तर भुंगे वाढवायचं जाळीघर बंद, टब उलटे, भुंग्यांचं काय करायचं ते मला माहीत नाही. दोन दिवस धड झोप नाही.

२ मे, पहाट
विचारांती एक प्रयोग सुरू केला आहे. जैविक आणि रासायनिक यांचा समन्वय. जगभर यावर पेपर आहेत. अगदी कमी औषधानं झाड थोडं अशक्त करायचं, म्हणजे भुंग्यांना सोपं जातं. आजाऱ्याला आपण भात कालवून देतो, तसंच.

पंपवाल्याच्या स्टोअरमधून एक कॅन आणला. चोरी नव्हे, दोन्ही विभाग सरकारचेच. पाठीवरचा पंप घेऊन होडीतून एकच कोपरा फवारला. शब्द मोडला असं म्हणता येणार नाही. मी पानावर फवारलं, पाण्यात नाही.

पहाटे उठायचा संकल्प मात्र शेवटी पार पडला.

४ मे
काही फरक नाही. पानं हिरवीगार. औषध जुनं निघालं बहुतेक. पंपवाल्याचं सगळंच असलं.

बायको म्हणाली, शर्टाला कसला वास मारतोय? म्हटलं, संशोधनाचा. म्हणाली, मग संशोधन स्वतः धुवा.

६ मे, पहाट
पुन्हा गेलो. मोटरचा पंप नेला, औषध दुप्पट घातलं. मधला भाग घेतला. जलपर्णी हसतेय असं वाटलं. मला फार संताप आला. वर्षभर माझ्या आयुष्याला विळखा घालून बसलीय ही बया.

९ मे, पहाट
तरी हिरवी! आज दादाच्या बाजूचा काठही घेतला, कारण कमिटी तिथेच उभी राहणार. पिंजऱ्यांपासून लांब होतो. फार लांब नाही, पण लांब. वारा होता थोडा.

यापुढे औषध बंद. हा शेवटचा हात.

१३ मे
पिवळी पडली! कोपरा, मधला भाग, काठ, सगळी एकदम. नंतर डबा नीट वाचला. त्यावर लिहिलंय की हे औषध मुळापर्यंत उतरायला मात्रेप्रमाणे चार ते दहा दिवस घेतं. अक्षर इतकं बारीक छापतात की माणसानं काय भिंग घेऊन फिरायचं? असो. लागू पडलं हे महत्त्वाचं.

म्हणजे भुंगे लागू पडले. औषध फक्त मदतीला होतं.

१८ मे
विजय! कमिटी आली. सगळं तळं तपकिरी, जागोजागी पाणी उघडं. मी निसर्गाला घाई चालत नाही ही स्लाइड दाखवली. एक वयस्कर सदस्य माझा हात धरून म्हणाले, एका वर्षात असं कुठे पाहिलं नव्हतं. मॅडमचा चेहरा फुलला. आणखी सहा तळ्यांवर हीच पद्धत वापरायची, प्रोटोकॉल मी लिहायचा.

पंपवाला मागे उभा होता. एक पान उचलून उलटसुलट पाहिलं आणि खाली टाकलं. जळतो, दुसरं काय.

दादानं काठावर सगळ्यांना चहा पाजला. स्वतः न घेता पिंजऱ्यांकडे गेला. वहिनी मात्र खूश होती. म्हणाली, भावजी, हातांना सुटी मिळाली.

२४ मे
जलपर्णी बुडाली. पाणी काळं, वास सुटलाय. ढगाळ हवा, पान हलत नाही. काही भुंगे मेलेल्या पानांवर तरंगताना दिसले. खायला उरलं नाही ना! यशाची किंमत मोजावी लागते.

२७ मे
पहाटे दादाचा फोन. नुसतं म्हणाला, ये.

गेलो. सगळ्या पिंजऱ्यांत मासे वर तोंड काढून हवा खात होते. हजारो तोंडं, उघडमीट, उघडमीट. आवाज येत होता. दादा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून बादलीनं पाणी उपसून उंचावरून ओतत होता, हवा मिसळावी म्हणून. मीही उतरलो. वहिनीही. ऊन वर येईपर्यंत आम्ही तिघं ओतत राहिलो. मग उघडमीट थांबली. सगळे मासे उलटे, पांढरे.

वहिनी काठावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मलाही रडू आलं. खरंच आलं.

दादानं विचारलं, कशानं झालं रे हे? म्हटलं, ढगाळ हवा. अशा हवेत पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो. हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे.

दादानं बादली पालथी घातली. मग म्हणाला, बरं.

२८ मे
बाकीचे मासेवाले चिडून आले होते. म्हणत होते, तुमच्या भुंग्यांनी पाणी नासवलं. दादा मधे उभा राहिला. माझ्याही जाळ्या रिकाम्या झाल्यात, पहिलं मला विचारा, म्हणाला. एकानं त्याच्या छातीत धक्का मारला. तरी हलला नाही. भाऊ असावा तर असा.

३० मे
पंपवाला केबिनमध्ये आला, दार लावलं. म्हणाला, स्टोअरमधून कॅन गेलेत आणि मला माहीत आहे कोणी नेलेत. सगळं तळं एकदम मारलं की ते कुजतं, आणि कुजताना पाण्यातली हवा खातं. म्हणून आम्ही पट्ट्यापट्ट्यानं फवारतो, मधे दिवस सोडतो. एकदा मला विचारलं असतं तर मी स्वतः आलो असतो हो.

हे मलाही माहीत होतं. परीक्षेत प्रश्न होता, पाच मार्कांचा. पूर्ण मार्क मिळाले होते.

तो कुणाला सांगणार नाही म्हणाला. मी आभार मानले नाहीत. उगाच कबुली दिल्यासारखं झालं असतं.

४ जून
बायको दादाकडे जाऊन आली. आल्या आल्या ताट वाढलं आणि माहेरी फोन लावून बसली. दोघी जावांचं काहीतरी बिनसलं असेल.

संकल्प: दादासाठी काहीतरी भरीव करायचं.

११ जून
भरीव केलं! पिंजरे विकून दादा रिकामाच बसला होता. प्रकल्पात रोजंदारीवर माणसं घ्यायची होती, तळाला बसलेली जलपर्णी बाहेर काढायला. मॅडमकडे शब्द टाकला आणि दादाला चिकटवला. त्याचंच तळं, त्याचीच होडी, ओळखीचं काम. बायकोला सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. कौतुकानं असावं.

१५ जून
दादाचं काम बघायला गेलो. इतर मजूर होते म्हणून जरा लांब उभा राहिलो. जेवणाच्या सुट्टीत त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, दादा, त्या ढगाळ हवेचं मनाला लावून घेऊ नकोस.

तो हातावरचा चिखल पुसत म्हणाला, अरे, मी पाहिलं होतं. तू पहिल्यांदा पंप घेऊन आलास त्याच पहाटे. मी पिंजऱ्यावरच होतो. तिन्ही वेळा पाहिलं.

मी विचारलं, मग मला हाक का नाही मारलीस?

म्हणाला, वाटलं, एवढं शिकलाय, माशांचं बघूनच करत असेल. मी काय सांगणार तुला?

ढगाळ हवेचाही भाग असतो हे त्याला समजावून सांगणार होतो. उदाहरणंही होती जवळ. पण तेवढ्यात मुकादमानं शिट्टी वाजवली. दादा होडीत चढला.

मी काठावर उभा राहिलो. बाकीचे मजूर डबे आवरत होते. कुणी बसा म्हणालं नाही.