प्रभाव मोजण्यासाठी वाचनालय बंद आहे

३ फेब्रुवारी, सोमवार

हेड ऑफिसचं सर्क्युलर आलं. प्रत्येक शाखा वाचनालयाने आपलं सामाजिक मूल्य आणि समाजावरचा प्रभाव मोजून महिनाअखेर रिपोर्ट पाठवायचा. ज्या शाखेचा प्रभाव दिसणार नाही ती मध्यवर्ती वाचनालयात विलीन. ग्रंथपालाची सोय हेड ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये. रेकॉर्ड रूम मी पाहिली आहे. तळघरात आहे. तिथे गेलेला माणूस एकदम रिटायर व्हायलाच वर येतो.

घाबरलो नाही. बावीस वर्षं या खुर्चीत आहे. प्रभाव असणारच. आजवर कुणी मोजला नाही, एवढंच.

संकल्प: उद्यापासून दुपारची डुलकी बंद. मोजमाप शास्त्रीय पद्धतीने. रिपोर्ट किमान शंभर पानी, बाइंडिंगसह.

संध्याकाळी वर जाऊन हिला सांगितलं. आम्ही वाचनालयाच्या वरच्याच मजल्यावर राहतो, क्वार्टर आहे. शाखा गेली तर घरही जाईल, हे हिने सर्क्युलर न वाचता ओळखलं. मला ते दुसऱ्या चहानंतर सुचलं. पण मला बाकीही बरेच विचार होते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सर्व्हे सुरू. सुरुवात पोस्टमास्तरांपासून. रिटायर होऊन जमाना झाला, पण सगळे अजून पोस्टमास्तरच म्हणतात. रोज दार उघडायच्या आधी हजर. पेपर तारखेपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचतात. विचारलं, वाचनालयामुळे आपल्या आयुष्यात काय बदल झाला? म्हणाले, बोटं काळी होतात. हे उत्तर बाद धरलं.

नंतर नर्सबाई. रात्रपाळी संपवून थेट इथे येते, घरी पोरांचा दंगा असतो म्हणून. विश्वकोशाच्या चौथ्या खंडावर डोकं ठेवून झोपली होती. उठवलं नाही. नोंद केली: 'विश्वकोशाचा नियमित व सखोल वापर.'

मग परीक्षावाले. एक मुलगा, एक मुलगी, दोघं सरकारी परीक्षांचा अभ्यास करतात. प्रश्न विचारायला तोंड उघडलं तर मुलीने भिंतीकडे बोट दाखवलं. 'शांतता राखा.' पाटी मीच लावलेली. अशा बारा पाट्या आहेत. गप्प बसलो.

दुपारी डुलकी लागली. सर्व्हेचा ताण.

६ फेब्रुवारी, गुरुवार

डेटा पुरेसा नाही. शंभर पानांपैकी अर्धं पान झालं, त्यातही मार्जिन मोठा सोडला आहे.

रात्री जेवताना मुलीला विचारलं. ती कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकते. आज मूडमध्ये नव्हती. म्हणाली, बाबा, एखाद्या गोष्टीने फरक पडतो का हे बघायचं तर ती गोष्ट काढून घेतात आणि काय होतं ते बघतात. आता मला जेवू द्या.

जेवताजेवता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वाचनालय काढून घ्यायचं! एक आठवडा बंद ठेवायचं, लोकांचे हाल बघायचे, नोंदवायचे आणि थेट हेड ऑफिसच्या टेबलावर आपटायचे. मुलगी म्हणाली, असं मी म्हटलं नाही. बरोबर आहे. कल्पना माझीच आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कमिटीच्या अध्यक्षांना फोन केला. ते सिमेंटचे व्यापारी. मागे ट्रकचा आवाज येत होता. सगळी योजना समजावून सांगितली. करा करा, म्हणाले. मंजुरी मिळाली.

बोर्ड स्वतः रंगवला: 'प्रभाव मोजण्यासाठी वाचनालय सोमवारपासून एक आठवडा बंद आहे. वाचकांनी आपले हाल नोंदवावेत.' अक्षर सुरेख आलं आहे.

हिने बोर्ड वाचला. म्हणाली, अहो, आणि कुणाला काहीच फरक पडला नाही तर? संशोधन हा हिचा प्रांत नव्हे. हसून सोडून दिलं.

झोप नीट लागली नाही. चहा जास्त झाला असावा.

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी

प्रयोगाचा शुभारंभ. गॅलरीत खुर्ची टाकून बसलो आहे. इथून खालचं दार स्वच्छ दिसतं.

पोस्टमास्तर आले. बोर्ड वाचला. पुन्हा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. मग जिन्याच्या पायरीवर उन्हात बसून राहिले. उत्तम! हाल सुरू झाले. पेन्सिलला टोक केलं.

नंतर

प्रयोगात व्यत्यय. हिने पोस्टमास्तरांना वर बोलावलं. या वयात उन्हात बसवता का माणसाला, म्हणाली. ते आले, माझ्या खुर्चीत बसले, माझा पेपर उघडला. चहा झाला. पाहुणा एकच आहे, डेटावर फारसा परिणाम होणार नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नर्सबाई बंद दाराला टेकून उभ्याउभ्या पेंगत होती. नोंद करायला वही शोधेपर्यंत हिने तिला वर आणून हॉलमधल्या दिवाणावर झोपवलं. दुपारी मी नेमका तिथेच चिंतन करतो.

परीक्षावाले स्वयंपाकघरात. टेबल मोठं आहे म्हणे. ही भाजी चिरता चिरता त्यांना पुस्तकातले प्रश्न विचारते आणि चुकलं की ओरडते. आमची मुलगी कधी वाचनालयाची पायरी चढली नाही, तीही त्यांच्यात पुस्तक घेऊन बसली. मी जेवलो गॅलरीत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शेजारच्या गल्लीतल्या तीन बायका आल्या. म्हणे, खाली बंद आहे म्हणून वर. विचारलं, कुणी सांगितलं? कुणीच नाही. आवाज ऐकून आल्या.

आवाज येणारच. पोस्टमास्तर पेपर मोठ्याने वाचून दाखवतात! अग्रलेख वाचताना मध्येच थांबून संपादकाची फिरकी घेतात आणि सगळे खो खो हसतात. बावीस वर्षं हा माणूस माझ्यासमोर गप्प बसला होता. मला वाटायचं स्वभावानेच अबोल असतील.

खालून एक पाटी आणून हॉलमध्ये लावली. 'शांतता राखा.' संध्याकाळी तिच्यावर गरम पातेलं ठेवलेलं सापडलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लोक पुस्तकं मागायला लागले. मी किल्ली दिली नाही. प्रयोग म्हणजे प्रयोग. हिने मग आमचं कपाट उघडलं आणि वाटप सुरू केलं. त्यातल्या काही पुस्तकांवर वाचनालयाचा शिक्का निघाला. ती मी बाइंडिंगसाठी वर आणली होती. राहून गेली.

नोंदी नाहीत, पावती नाही, कार्ड नाही. कोण काय घेऊन गेलं म्हणून विचारलं तर हिला सगळं तोंडपाठ. ही पद्धत नव्हे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ग्राफ काढला. आडव्या रेषेवर दिवस, उभ्या रेषेवर हाल. रेषा जमिनीला चिकटून सरळ चालली आहे. कागद उलटा धरून पाहिला. तशीच.

पोस्टमास्तर बाहेर पडताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, बंदच ठेवा हो, झकास चाललंय.

ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही म्हणून खरं लिहितो. वाचनालय बंद आहे आणि लोक खूश आहेत. हेच रिपोर्टात गेलं तर शाखा गेली, घर गेलं आणि मी तळघरात. हिला काही बोललो नाही. हिला वेळही नव्हता.

१६ फेब्रुवारी, रविवार

विचारांती मार्ग सापडला. उद्या वाचनालय उघडतं आहे! लोक आनंदाने धावत येतील, तो आनंद मोजायचा. हाल मोजण्यात मुळात नकारात्मकता होती.

सगळी टेबलं पुसली. विश्वकोशाचा चौथा खंड नर्सबाईंच्या जागेवर काढून ठेवला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

वेळेवर दार उघडलं. कुणी नाही. उघडल्याचं कळलं नसेल म्हणून दार मुद्दाम करकरवलं. डोक्यावर छताच्या वर पावलं वाजत होती, मधूनच हशा.

वर जाऊन जाहीर केलं, वाचनालय सुरू झालं आहे. सगळ्यांनी आनंदाने मान डोलावली. पोस्टमास्तर म्हणाले, आलोच, एवढी बातमी होऊ दे. दिवस मावळला, बातमी झाली नाही.

दुपारनंतर एक अनोळखी गृहस्थ आले. उठून उभा राहिलो. त्यांनी विचारलं, वाचनालय कुठे? म्हटलं, हेच. ते म्हणाले, हे नाही हो, चहा मिळतो ते. जिना दाखवला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अध्यक्षांचा फोन. सोमवारी हेड ऑफिसच्या बाई जातीने पाहणीला येणार. त्यांनी शेरा दिला की निकाल लागला. अध्यक्ष म्हणाले, हॉल भरलेला दिसू दे. आणि तो बंद ठेवण्याचा काय आचरटपणा चालवलाय, मला कुणी सांगितलंच नाही.

हिला म्हटलं, फक्त सोमवारी सगळ्यांना खाली पाठव. ही म्हणाली, ती काय माझी शेळ्या-मेंढरं आहेत? तुम्ही बोलवा ना प्रेमाने.

बोलावलं. भाषण घोटून गेलो होतो. सुरुवात छान झाली. वाचक हाच वाचनालयाचा आत्मा, वगैरे. पण शेवटी सवयीने, येताना ओळखपत्र आणावे आणि पिशव्या दाराशी ठेवाव्यात, हे तोंडातून निघून गेलं. परीक्षावाली मुलगी वहीत तोंड घालून हसली. ही कपाळाला हात लावून आत निघून गेली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बाई आल्या. कडक इस्त्री, हातात फाइल. हॉल रिकामा. अकरा पाट्या आणि मी.

मी खंबीरपणे प्रयोग समजावला. ग्राफ दाखवला. त्यांनी तोही उलटा धरून पाहिला. तेवढ्यात वरून हशा आला. हे काय, म्हणाल्या. म्हटलं, आमचं घर आहे. त्या जिना चढून गेल्या.

मी खाली थांबलो. साहेब मंडळींच्या मागे मागे फिरू नये. पण बराच वेळ झाला, तरी येईनात. एकदा तर वरून त्यांचाच हसण्याचा आवाज आल्यासारखा वाटला. मनात नाही नाही ते येऊन गेलं. तळघरात खिडकी आहे का, ते आठवत बसलो.

खाली आल्या तेव्हा काखेत कादंबरी. आमच्या कपाटातली, शिक्क्याची. हे जुनं प्रकरण माझ्या अंगावर शेकणार म्हणून बाइंडिंगचं कारण जुळवायला लागलो. पण त्या म्हणाल्या, शाखा चालू राहील. इतका प्रभाव मी कुठेच पाहिला नाही. फक्त तो वरून खाली आणायला हवा. आपल्या मिसेसना वाचक-समन्वयक म्हणून घेऊ, तसा अधिकार आहे मला. लोक खाली येतील.

माझे डोळे भरून आले. म्हटलं, आणि मी?

त्यांनी पुन्हा ग्राफकडे पाहिलं. म्हणाल्या, तुमची पद्धत मला आवडली. काढून घ्यायचं आणि काय होतं ते बघायचं. तुम्ही पुढचा एक आठवडा रजा घ्या.

माझ्या पद्धतीला हेड ऑफिसची मान्यता! वर बक्षीस म्हणून सुट्टी!

३ मार्च, सोमवार

रजा सुरू. सकाळीच सगळी वरात खाली गेली. हिने जाताना पदर खोचला आणि भिंतीवरच्या पाट्या उतरवायला मुलीला स्टुलावर चढवलं, असं गॅलरीतून दिसलं.

मी वर. घर शांत. खुर्ची माझी, पेपर माझा, दिवाण माझा. स्वर्ग.

संकल्प: रजेत ग्रंथालयशास्त्रावर पुस्तक लिहिणे.

५ मार्च, बुधवार

पुस्तकाचं शीर्षक ठरत नाही.

खाली माझ्यावाचून अडत असणार. वर्गीकरणाचे आकडे हिला कुठे माहीत! कुणीतरी विचारायला येईल म्हणून दार उघडं ठेवलं आहे. जिन्यावर पाऊल वाजलं की वही बंद करून तयार बसतो. मुलगी एकदा आली. साखरेचा डबा घेऊन गेली.

७ मार्च, शुक्रवार

कुणी आलं नाही. संकोच करत असतील. रजेवरच्या माणसाला त्रास कसा द्यायचा, असं वाटत असेल.

दुपारी दिवाणावर पडलो. आता कुणी अडवत नाही, तर डोळ्याला डोळा लागत नाही. खालून हसण्याचा आवाज आला तर एकटाच हसलो. का, ते कळलं नाही.

१० मार्च, सोमवार

रजा संपली. इस्त्रीचा शर्ट घातला. ताटकळलेल्या वाचकांना काय सांगायचं ते मनाशी ठरवत जिना उतरलो.

हॉल भरलेला. टेबलं कुणी तरी एकमेकांना जोडून ठेवली होती. नर्सबाई झोपलेली, तिच्या डोक्याखाली उशी. गल्लीतल्या बायका कशावरून तरी भांडत होत्या, बहुधा कादंबरीच्या शेवटावरून. परीक्षावाले आणि माझी मुलगी कोपऱ्यात. माझ्या टेबलाशी ही. ही कुणाला तरी पुस्तक देत होती आणि ते कसं आहे ते सांगत होती. मी बावीस वर्षं पुस्तकं दिली, ती कशी आहेत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं.

पोस्टमास्तरांजवळ गेलो. प्रयोग माझा, निष्कर्ष मीच घ्यायला हवा. विचारलं, काय, या आठवड्यात काही फरक जाणवला का?

त्यांनी पेपर खाली केला. आस्थेने विचार केला. मग म्हणाले, फरक? कशात?

म्हटलं, मी रजेवर होतो.

म्हणाले, हो का? आणि चष्मा नीट करून माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर इतकं अपराधीपण, की मलाच त्यांची समजूत घालावी लागली. म्हटलं, फार दिवस नाही, आठवडाच.

वय झालं आहे त्यांचं. नजरही कमी झाली असणार. पण नर्सबाईंची नजर चांगली आहे आणि परीक्षावाले तर तरुण आहेत. मग इतर कुणाला विचारलं नाही. डेटा पुरेसा होता.

हिने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं असावं, तिला नेहमी कळतं. म्हणाली, अहो, आलाच आहात तर अंगणातल्या खुर्च्या तेवढ्या आत घ्या, माणसं उभी आहेत.

घेतल्या. सगळ्यांना पुरून एक उरली. जरा वेळ तिच्यामागे उभा राहिलो, मग बसलो. कुणी हरकत घेतली नाही.