दोन्ही हातांनी घेतलेली जुडी

आई,

तुमचा लेक पेनाया घरी नसताना कुणी नशेच्या कावाची मुळं घेऊन आलं तर हात लावू नकोस, असं तुम्ही मला बजावलं होतं. मी हसले होते. "मुळंच ती, साप थोडाच आहे!"

काल तुम्ही चर्चच्या बायकांबरोबर गेलात आणि वाइसाके मामा जुडी घेऊन दारात उभे राहिले. वडीलधाऱ्या माणसाला परत कसं पाठवायचं, म्हणून मी ती दोन्ही हातांनी घेतली. घेतली म्हणजे आता ती कुटून, कालवून आपल्याच घरात प्यायची, हे लक्षात येईतो मामा चटईवर बसलेसुद्धा. पेनाया मळ्यातून आला, जुडीकडे बघून म्हणाला, "तूच घेतलीस ना? मग मी कोण नाही म्हणणारा!" इस्टरपासून त्याने तोंड लावलं नव्हतं. आज उजाडलं तरी टाळी वाजवून वाटी मागत होता, मग होडीच्या छपराखाली जाऊन आडवा झाला.

तान्ह्या सेराचा ताप उतरत नाही. पेनायाला हलवलं, पण त्याचे पाय उचलत नाहीत. म्हणून शेजारच्या अकुईलाच्या होडीतून बाळाला पलीकडच्या बेटावर दवाखान्यात नेतेय. आपल्या होडीच्या इंजिनाचा प्लग माझ्या पिशवीत आहे, शोधू नका. कसावा उकडून झाकलाय.

त्याला रागावू नका. जाग आली की आमच्यामागे यायला तो नशेतच कुणाचीतरी होडी मागेल, आणि ओहोटीत खडक वर आलेले असतील. हे वाचलंत की आधी होडीच्या छपराखाली जा. तो तिथेच झोपलाय ना, तेवढं बघा.

लुसियाना