कमलमावशींच्या नावाची बाटली

औरंगाबाद,
दि. ८ फेब्रुवारी २००५

ती. शीतलअक्कास,
धाकट्या रत्नपालचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इथं लॅबमध्ये नेमकं काय करतोस, असं तू विचारलंस. अक्का, लोकांची लघवी मोजतो! हस, पोटभर हसून घे, मग पुढं वाच. गुडघ्यात हाडांच्या मधे कूर्चेची गादी असते. ती झिजायला लागली की तिचे बारीक बारीक अंश लघवीत उतरतात. एक्स-रेत काही दिसायच्या कितीतरी आधी त्यावरून झीज ओळखता येते का, हे आमचे साहेब शोधून राहिलेत.

आता माझं काम. तुझ्या सासूबाईंचे, कमलमावशींचे, गुडघे तर गेलेलेच. त्यांची एक बाटली आणि काही दुखत नसलेली म्हणून तुझी एक, एवढं मला दे. सकाळची पहिली नको, दुसऱ्या वेळची हवी. वसमतच्या दवाखान्यात आमचा माणूस दर बुधवारी बर्फाची पेटी घेऊन बसतो. तिथंच तुझ्या गुडघ्यांचा एक्स-रेही काढतील. दाजींना जयभीम सांग.

तुझा,
रत्नपाल

कुरुंदा,
दि. २४ फेब्रुवारी २००५

चि. रत्नपाल यास,
अ. उ. आ. आणि जयभीम.

दोन्ही बाटल्या बुधवारी पोचत्या केल्या. एवढं शिकून शेवटी हेच काम मिळालं का रे तुला? माझा फोटो बी काढला. डॉक्टरीण बाई म्हनल्या, गुडघे एकदम साफ हायत, कवळ्या पोरीसारखे. तवापासून तुझे दाजी मला पोरगी पोरगी म्हनून सतावून राहिलेत.

इकडचं तेच. सासूबाईंला कमरेला धरून उठवायचं, परसातल्या संडासापर्यंत न्यायचं, खाली बसवायचं, पुन्हा उचलायचं. दिसातून सात-आठ बारी. दाजींनी नांदेडहून भोकाची खुर्ची आणली, तर सासूबाईंनी तिच्यावर कुरड्या वाळू घातल्या. चुलीपासून दोन हातांवर असलं काम करायचं व्हय, म्हनल्या. अन त्या कामाला लेकाचा हात तर लागूच देत न्हाईत. तकलीफ त्यांची बी खरीच हाय. पर मला साखऱ्याला बाबांकडे येऊन तीन वर्षं झाली रे. एक रात राहायचं म्हनलं तरी मागं त्यांला उचलणार कोण?

जिवाला जप. पत्र टाकत जा.

तुझी,
शीतलअक्का

औरंगाबाद,
दि. १२ एप्रिल २००५

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

रागावू नकोस, पण हे काय करून ठेवलंस? बाटल्या दोन, नावं दोन, आणि आकडे एकाच माणसाचे. साहेबांपुढं माझी मान खाली गेली. खरं सांग, तुझ्या बाटलीत मावशींची लघवी भरलीस, की मावशींच्या बाटलीत तुझी?

विचारतो अशासाठी की आकडा चांगलाच चढलेला आहे. मावशींचा असेल तर नवल नाही. पण एक्स-रे साफ असलेल्या माणसाचा असेल, तर आतून झीज सुरू झालेली असू शकते. एखाद्या माणसाचं एवढ्यावरून छातीठोक सांगता येत नाही, तरी जपायला हवं. झीज भरून काढणारं औषध अजून निघालेलं नाही. वजन उचलायचं नाही आणि उकिडवं बसायचं नाही, एवढंच आपल्या हातात. लवकर कळव.

तुझा,
रत्नपाल

कुरुंदा,
दि. ९ मे २००५

चि. रत्नपाल यास,
अ. उ. आ. आणि जयभीम.

काहून लिहिलंस रे असं पत्र? आमच्याकडं पत्र आलं की ओट्यावर बसून सगळ्यांला मोठ्यानं वाचून दाखवतात, हे तुला ठाऊक न्हाई का? दाजींनी शेवटपर्यंत वाचलं अन बाटल्यांच्या घोळावर हसत बसले.

दोन्ही बाटल्या माझ्याच. मरेन पर असलं दुसऱ्याच्या हाती देणार न्हाई, असं म्हनून सासूबाईंनी तोंड फिरवलं. तुझं काम अडू नये म्हनून मीच दोन्ही भरल्या. हे फक्त त्यांला अन मला माहीत. दाजींला काहीच कळलं न्हाई. सासूबाईंला सगळं कळलं.

त्या दिसापासून त्यांनी पानी सोडलं. प्यायलं न्हाई तर जावं लागत न्हाई, मला उचलावं लागत न्हाई. मे महिना, वर पत्रे तापून राहिलेत, अन दिवसभरात अर्धा पेला. ओठ फुटले. परवा उठवताना डोळे पांढरे केले, वसमतला नेऊन सलाईन लावलं. घरी आल्यावर पुन्हा तेच. मी पाया पडले, रडले. तर म्हनतात, माझे गेले ते गेले, तुझे कशाला घालवू. खुर्चीचं नाव काढलं की भिंतीकडं तोंड.

मला बी भेव वाटतं रे. आता उचलताना दर बारीला गुडघ्याकडं ध्यान जातं. आधी जात नव्हतं. कळलंच नसतं तर बरं झालं असतं, असं वाटून राहिलं. पर माझ्या गुडघ्यापायी एक म्हातारी तहानेनं गेली तर मी कोणत्या तोंडानं जगू?

तू खोटं लिहीत न्हाईस. एक डाव लिही. त्यांच्या नावानं लिही, दाजी वाचून दाखवतील.

तुझी,
अक्का

औरंगाबाद,
दि. १६ मे २००५

ती. कमलमावशी यांस,
रत्नपालचा सविनय जयभीम. वि. वि.

मागच्या पत्रात माझ्या हातून मोठी चूक झाली. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या आमच्याच इथं बदलल्या. तो आकडा परभणीच्या एका म्हाताऱ्या बाईंचा निघाला. अक्काची बाटली मी स्वतः पुन्हा तपासली. तिच्या गुडघ्यांत झिजेचा मागमूसही नाही. मी रोज हेच काम करतो मावशी, माझ्यावर विश्वास ठेवा.

आणखी एक. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी दिवसाला दोन तांबे पाणी प्यायचं आणि सहा महिने खुर्चीवरच बसायचं, असा आमच्या तपासणीचा नियम आहे. तुमचं नाव लिहून झालं आहे. कुरड्या दुसरीकडं वाळवा.

आणि खुर्ची अगदीच नको वाटली, तरी पाणी सोडू नका. अक्काला हाक मारा. तिला काही होत नाही.

आमच्यावर माया असू द्या.

आपला,
रत्नपाल